उईनिसेचं मशीन रविवार पाळत नाही

आमच्या बेटावर रविवारी काहीही चालत नाही. दुकान चालत नाही, होडी चालत नाही, भांडणही चालत नाही. दोरीवर एखादं लुगडं विसरून राहिलं तर शेजारीण सोमवारी विचारते, "काय गं, काल देवाला वाळत घातलं होतंस का?" टोंगात हा कायदाच आहे, नुसती भीड नाही. पाव भाजायला तेवढी सूट आहे, कारण पाव पाद्र्यालाही लागतो.

तर अशा गावात, देवळाला लागून, ऐन प्रार्थनेच्या वेळी एक मशीन निळा दिवा लावून घूं घूं करत बसलं होतं. ते मशीन उईनिसेचं होतं.

उईनिसे साठीची. अंगानं भरदार, आवाज असा की निघालेली होडी धक्क्याला परत यावी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गावात म्हणतात, त्याला जरा शांतता हवी होती. मी तिला मावशी म्हणते. आमचं रक्ताचं नातं नाही, पण तिला नुसतं नावानं हाक मारायची माझी छाती नाही, आणि माझी छाती काही लहान नाही.

कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडला होता. आमचे लोक परदेशातून पिंपं भरून पाठवतात, खारं मांस, जुने कपडे, साबण. तिनं सगळ्या नातेवाइकांना फर्मान सोडलं की यंदा साबण नको, कॉम्प्युटर पाठवा, तुकड्यातुकड्यानं पाठवला तरी चालेल. ऑकलंडच्या पुतणीनं रिकामं खोकं पाठवलं. सिडनीच्या चुलतभावानं मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून दिला. टॉवेल जास्त चांगला होता. स्क्रीन शाळेनं टाकून दिलेली. मावशीनं हे सगळं चटईवर मांडलं आणि बोलणी घालत घालत जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला. "तो जादाचा असतो," असं म्हणून तिनं तो दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. लोकांच्या गळ्यात क्रूस असतो, हिच्या गळ्यात स्क्रू.

मशीन ठेवलं होतं देवळाच्या जमिनीवरच्या पत्र्याच्या खोलीत. आमच्या टोकाला फोनची रेंज वाऱ्याच्या मर्जीनं येते. म्हणून या खोलीच्या छपरावर मावशीनं इंटरनेटची तबकडी बसवून घेतली, आणि गावातल्या बायका आठवडाभर पाळीपाळीनं तिथे बसून आपापल्या नवऱ्यांशी बोलू लागल्या. नवरे सगळे ऑस्ट्रेलियात, फळं तोडायला. मीही दोन हंगाम संत्री तोडून आले आहे. मजुरांचे संडास कुलपात का ठेवता, असं विचारलं, म्हणून मला परत पाठवलं. तेव्हापासून माझा धंदा एकच, असे प्रश्न आणखी मोठ्यानं विचारणं.

त्या खोलीमुळे ते सोपं झालं होतं. आधी माणसं कशी राहतात ते आम्हाला फेलेती सांगायचा. फेलेती म्हणजे आमचा गावकामगार. ठेकेदाराला मजुरांची नावं देणारा तोच. "पलंग आहेत, पंखे आहेत, राजासारखे राहतात." मग एक दिवस शेजारच्या लुपेच्या नवऱ्यानं तिकडून कॅमेरा फिरवून दाखवला. जमिनीवर गाद्या, गाद्यांवर माणसं, माणसांवर ओले कपडे. राजाला मी कधी तसं झोपलेलं पाहिलं नाही. मी ते चित्र योग्य ठिकाणी धाडलं, ठेकेदाराला नवी घरं घ्यावी लागली, आणि त्या दिवसापासून फेलेती त्या खोलीकडे मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तसा बघत होता.

बिळातून उंदीर त्या रविवारी निघाला.

पाद्री सेतालेकी प्रवचन देत होता. "आज सगळी सृष्टी विसावली आहे," असं म्हणून तो थांबला. चांगला वक्ता अशा जागी थांबतोच. आणि त्या शांततेत शेजारून आवाज आला, घूं घूं घूं. पहिल्या बाकावरची एक म्हातारी हसली. फेलेती उठला, खिडकीशी गेला, आणि निळा उजेड सगळ्यांना दिसावा म्हणून पडदा जरा जास्तच बाजूला सारला.

दुपारी सेतालेकी मावशीकडे आला. कमरेला चांगली चटई गुंडाळलेली, आमच्यात मानाच्या माणसाकडे जाताना गुंडाळतात तशी, आणि चेहरा पडलेला. आता हे समजून घ्या. सेतालेकी पाद्री खरा, पण तो मावशीच्या सख्ख्या भावाचा मुलगा. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे कोणाचं चालत नाही. राजालाही आत्या असते. आत्यानं म्हटलं तुझं डुक्कर दे, तर डुक्कर द्यायचं. तिच्या वस्तूला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही. देवाचा नंबर आत्यानंतर लागतो, फक्त हे देवळात म्हणत नाहीत.

तो उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला, डोकं तिच्या गुडघ्याखाली राहील असं.

"आत्या," तो म्हणाला, "ते मशीन चालू आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"लोकांना नावं असतात, सेतालेकी. तुझं मी ठेवलंय."

"फेलेती म्हणतो."

"फेलेतीला सांग, मी काल संध्याकाळी बंद केलंय. रीतसर केलंय. स्क्रीन काळी झाली. त्यानंतर ते आपणहून घुमत असेल तर मी काय करू? प्रार्थनेच्या वेळी तुझं पोट गुरगुरतं, मी बोलते का काही?"

सेतालेकीनं पोट आत घेतलं. "आत्या, देवळाच्या पंचांचं म्हणणं असं, की पुढच्या रविवारी ते चालू दिसलं तर खोली राहणार नाही. जमीन देवळाची आहे."

"आणि मी म्हटलं, माझ्या खोलीला हात लावायचा नाही, तर?"

"तर मी लावू शकत नाही."

"मग संपलं."

"मी नाही लावणार," तो आणखी खाली वाकून म्हणाला. "फेलेती लावेल. तो आपल्या नात्यातला नाही."

  मावशीनं गळ्यातला स्क्रू चिमटीत धरून गोल गोल फिरवला आणि म्हणाली, "पाव घेऊन जा येताना आणलास तो. कच्चा आहे."

सोमवारपासून दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्ती म्हणजे काय, गावातल्या प्रत्येकाला मत असतं, ते ऐकून घेणं.

रोग असा होता. मशीन बंद करायचं, स्क्रीन काळी व्हायची, पण खोक्यातला पंखा फिरत राहायचा आणि पुढचा निळा दिवा जळत राहायचा. झोपलेल्या माणसाचे डोळे उघडे असावेत तसं. बटण दाबून धरलं तरी तेच. ऑकलंडच्या पुतणीनं स्क्रीनवरून सांगितलं, "काकू, मशीनमध्ये पटकन सुरू होण्याची एक सोय असते, ती बंद करा." केली. मशीन सुरू व्हायला वेळ लावू लागलं, बंद व्हायचं नावच नाही. मग ती म्हणाली, बाहेरून कोणी उठवू नये म्हणून इंटरनेटची वायर काढा. काढली. पुतणीच गेली स्क्रीनवरून, दिवा होता तिथेच.

"उरलेला स्क्रू," लुपे म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?" मावशीनं विचारलं.

"मनात म्हटलं होतं."

"मग उत्तरही मनातच देते."

मावशीला मशीन कोणाला उघडू द्यायचं नव्हतं, आणि बायका ज्यांच्यासमोर बसून बोलायच्या त्या कॅमेऱ्यांच्या वायरींना तर कोणाला बोटही लावू द्यायचं नव्हतं. त्याला कारण होतं. हंगामभर कॅमेरे मधेच मरायचे. बाई "कसे आहात" म्हणायची आणि नवऱ्याचा चेहरा उघड्या तोंडानं तिथेच गोठायचा. कॅमेरे ज्या चार तोंडांच्या यूएसबी डबीत खोचलेले होते, त्या डबीला स्वतःची करंटची वायर असते, पण ती पिंपातून आलीच नव्हती. पुतणीनं हा रोग शोधून सांगितला होता, आणि मावशीनं सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पिंपवाल्यांचा उद्धार केला होता. मग त्या रविवारच्या आधीच्याच आठवड्यात मावशीनं वैतागून त्या डबीला एक थप्पड मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॅमेरे मुकाट चालू लागले. तेव्हापासून ती थप्पड गावात प्रसिद्ध झाली होती. लोक बिघडलेले रेडिओ घेऊन यायचे, मावशी मारायची, दोन-तीन चालूही झाले.

शेवटी तिनं भिंतीतला मुख्य प्लगच उपटला. उपटून आमच्यासमोर धरला, कोंबडीचं मुंडकं धरतात तसा.

पंखा हळू झाला. दिवा मंद झाला. पण दिवा होता आणि पंखा फिरत होता.

लुपेनं हातातलं लेकरू घट्ट धरलं आणि मागे सरकली. आमच्याकडे भुतं भरपूर आहेत, पण आजवरच्या एकानंही विजेची फुकट सोय केली नव्हती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की प्लग काढला तरी चालतं. एका म्हातारीनं तर सांगितलंच, हा उईनिसेचा नवरा परत आलाय.

"तो नाही," मावशी म्हणाली. "तो कधी आपणहून उठलेला मी पाहिला नाही."

ती हसत होती, पण मी तिला ओळखते. खोली गेली तर बायकांना पुन्हा फेलेतीच्या तोंडून नवऱ्यांची खुशाली ऐकावी लागणार होती, आणि ही खोली तिनं बांधली होती, त्या फुशारकीवर ती जगत होती. माझं तर डोकं भणाणलं होतं. मी फेलेतीच्या दारात जाऊन त्याला दोन शब्द ऐकवून आले. त्यानं काही फरक पडला नाही, पण मला जेवण गेलं.

सेतालेकीनं मधेच एक तोड काढली. हात लावायचा नाही, पण झाकायला हरकत नाही. त्यानं घरातली बारीक विणीची चटई पाठवली, मशीनवर घालायला. घातली. चटईच्या विणीतून निळा उजेड असा काही झिरपू लागला की ते मशीन आता संत दिसू लागलं. फेलेती वाटेवरून जाताना थांबून म्हणाला, "वा, आता नुसती मेणबत्ती लावायची राहिली."

शनिवार उजाडला तरी मशीन जागंच. तेव्हा मी तोंड उघडलं.

"मावशी, लिसिआतेमामाला विचारू या."

लिसिआते म्हणजे मावशीचा भाऊ, सेतालेकीचा बाप. जन्मभर बेटाच्या वीजकेंद्रात खांबांवर चढला, आता दिवसभर आपल्या शेडमध्ये तुटक्या वस्तू जमवतो आणि संध्याकाळी कावा पितो, मुळ्या कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय. त्याची शेड मावशीच्या खोलीला पाठ लावून उभी आहे, मधे एकच पत्रा. इतक्या जवळ वीजवाला असताना आठवडाभर त्याला कोणी का विचारलं नाही, हा प्रश्न आमच्या गावात कोणालाही पडला नाही. बहीण ज्या खोलीत बसते तिथे भाऊ पाऊल ठेवत नाही. एकत्र बसून हसत नाहीत, एकमेकांसमोर वावगा शब्द काढत नाहीत, आणि ते दोघं ऐकत असतील तिथे दुसऱ्यानंही काढायचा नसतो. हल्लीची मुलं हे सैल पाळतात. ही दोघं जुन्या वळणाची. लहानपणी एका ताटात जेवलेली असतील-नसतील, पण मोठेपणी मी त्यांना एका छपराखाली फक्त देवळात पाहिलं, आणि तेही पंधरा बाकं सोडून.

मावशीनं बराच वेळ पत्र्याकडे पाहिलं. "विचार," ती म्हणाली. "पण तू विचार."

मी पत्र्यावर टकटक केलं. "मामा, आहात का?"

"आहे."

"मशीन बंद होत नाही."

"गावाला माहीत आहे," तो पलीकडून म्हणाला. मग घसा साफ केला. "विचार, प्लग काढला का?"

मावशी माझ्या कोपरापाशी बसलेली. पत्रा इतका पातळ की पलीकडचा माणूस खाजवतो तेही कळतं. तरी ती मला म्हणाली, "सांग, पहिल्याच दिवशी काढला. प्लग काढायला पुरुष लागत नाही."

"काढलाय," मी पत्र्याला सांगितलं.

"बरं," मामा म्हणाला. बाकीचं त्यानं ऐकलं नाही, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.

"स्क्रीनचा?"

"सांग, तोही."

"तोही."

"आत मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो, तो?"

"सांग, काढला. आता त्याला आजची तारीखही माहीत नाही."

"तरी पंखा फिरतोय?"

"फिरतोय," मी म्हटलं, "जेवण झालेल्या पाद्र्यासारखा." आणि मग आठवलं की पाद्री कोणाचा मुलगा आहे. एरवी मी यावर एक सणसणीत शब्द काढला असता, पण समोर बहीण, आड भाऊ. जीभ चावून गप्प बसले. माझ्यासारखीला हे दुरुस्तीचं काम फार जड गेलं.

"मग करंट कुठूनतरी येतोय," मामा म्हणाला. "करंट काही हवेत नसतो. विचार, मशीनला अजून काय काय जोडलेलं आहे?"

"कॅमेऱ्यांची डबी," मावशी म्हणाली. "पण सांग, तिला हात लावायचा नाही. ती मी दुरुस्त केलेली आहे."

मी सांगितलं. 

"कुठली डबी?" त्यानं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"तीच, इथे पत्र्याला खिळलेली. चार तोंडांची."

"आणि कशी दुरुस्त केली?"

"थप्पड मारून," मी म्हटलं.

  पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज, एक बाटली पडली, गडगडत गेली, आणि मग अगदी लहानसा आवाज झाला. टक.

पंखा थांबला. दिवा गेला. खोलीत इतकी शांतता झाली की दारात बसलेल्या लुपेचं लेकरू रडायला लागलं.

मावशी उठली नाही. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, डोकं पत्र्याला टेकवून डबीच्या मागे डोकावली. मीही डोकावले. डबीच्या पाठीला करंटसाठी जे गोल भोक असतं, बरोब्बर त्याच्यासमोर पत्र्याला भोक पाडलेलं होतं, आणि पलीकडून एक वायर येऊन डबीत शिरली होती. वायर हलू नये म्हणून पत्र्याच्या कडेला नारळाच्या सुंभानं बांधलेली, आडवे-उभे वेढे, होडीला बांधतात तसे सुबक. आमच्या गावात वायर सुंभानं बांधणारा एकच माणूस आहे.

मग मला सगळं दिसलं. पत्र्याआड बसून मामानं हंगामभर बहिणीचा वैताग ऐकला असणार. डबीची वायर आली नाही, हेही ऐकलं असणार. विचारायला यायचं नाही, आत यायचं नाही, सांगायचंही नाही. म्हणून त्यानं आपल्या ढिगातली एक वायर काढली आणि आपल्याच बाजूनं खोचली. कॅमेरे सुधारले. पण डबी स्वस्तातली. कॅमेऱ्यांना द्यायचा करंट ती मागच्या मागे मशीनलाही देत होती. मावशी इकडून कितीही प्लग उपटो, मशीनला पलीकडून भाऊ चारत होता.

मी तोंड उघडलं.

"फुसी," मावशी म्हणाली, "मीट."

मी मिटलं. कारण चांगलं काम असो की वाईट, भावानं बहिणीच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं होतं. आमच्याकडे भावाच्या नावावर याहून मोठा डाग नाही. हे चावडीवर गेलं असतं तर म्हाताऱ्याला कावा प्यायला जागा उरली नसती, आणि पोरगा पाद्री. पलीकडे पावलं वाजली. मामा मागच्या वाटेनं कुठेतरी निघून गेला होता.

रविवारी खोली अंधारी आणि मुकी होती. सेतालेकी प्रवचनात तीन वेळा थांबला, नुसतं ऐकायला. फेलेतीनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा हळूच सोडला.

मला वाटलं मिटलं. पण सोमवारी गावसभा भरली आणि फेलेती उभा राहिला.

"मशीन बंद झालं, चांगलं झालं," तो म्हणाला. "पण कसं झालं? आठवडाभर प्लग काढून चालणारी वस्तू. कारण कळल्याशिवाय गावानं गप्प बसावं का? कारण सांगा, नाहीतर खोली मोडा. मी काही वैरी नाही. मला गावाची काळजी."

त्याच्या काळजीनं त्याचं पोट दर वर्षी थोडं पुढे येतं. मी उठणार होते. पण पुरुषांच्या बाजूला कोणीतरी हललं. लिसिआतेमामानं हातातली कावाची करवंटी खाली ठेवली होती, आणि तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठायच्या बेतात होता.

मावशी त्याच्या आधी उठली. त्या शरीराला इतक्या वेगानं उठताना मी कधी पाहिलं नाही.

"कारण मी सांगते," ती म्हणाली. "डबी मी चुकीची जोडली होती. करंट उलटा जात होता. मला त्यातलं कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणायची मला सवय नाही."

 उईनिसेच्या तोंडून हे वाक्य म्हणजे समुद्रानं माघार घेण्यासारखं. ती तिथेच थांबली असती तरी भागलं असतं. पण तिनं गळ्यातला दोरा काढला आणि तो स्क्रू सगळ्यांसमोर धरला.

"आणि हा जादाचा नाही. कुठे लावायचा ते मला सापडलं नव्हतं."

मग गाव हसलं. म्हाताऱ्या हसल्या, लुपे हसली, कुत्री भुंकली. हसणं थांबतंय असं वाटलं की कोणीतरी "जादाचा" म्हणायचं आणि पुन्हा सुरू. मावशी ताठ उभी राहून सगळं हसू अंगावर घेत होती. पुरुषांच्या बाजूला एकच माणूस हसत नव्हता. त्याची मान खाली होती.

"म्हणजे," फेलेती डोळे पुसत म्हणाला, "ज्या बाईला कळत नाही, तिच्या हातात..."

"फेलेती," सेतालेकी बसल्या जागेवरून म्हणाला. तो बापाकडे पाहत होता. बापाकडे, मग आत्याकडे, मग पुन्हा बापाकडे. पोरगा त्या सुंभाच्या वेढ्यांतच वाढलेला, त्यानं मागची भिंत पाहिली होती की नुसती मान पाहून ओळखलं, मला आजही माहीत नाही. "प्रश्न रविवारचा होता. रविवार पाळला गेला. आता राहिलं कारण. माझ्या घरी फ्रीज आहे, तो रविवारी घूं घूं करतो. तुझ्याही घरी आहे. तो विषय मी देवळात आजवर काढलेला नाही. मला पुढेही काढायची इच्छा नाही."

त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात गावातले सगळे फ्रीज ऐकू आले असते. फेलेती बसला.

पण मंगळवारी कॅमेरे पुन्हा मरू लागले. मामाची वायर बंद होती ना. लुपेचा नवरा उघड्या तोंडानं गोठला. बायका म्हणाल्या, "मावशी, मारा की थप्पड." मावशीनं त्यांना बाहेर काढलं. मग ती मशीनसमोर बसली आणि पत्र्याकडे पाठ करून मोठ्यानं बोलू लागली.

"ऐक रे खोक्या. सोमवार ते शनिवार तुझ्या डबीला करंट लागतो. मला त्याचा राग नाही. शनिवारी सूर्य बुडायच्या आत तेवढा थांबवायचा. कळलं का?"

खोक्याला कळलं की नाही माहीत नाही. पत्र्यापलीकडे टक आवाज झाला आणि डबीवरचा लहान दिवा लागला. संध्याकाळी तिनं माझ्या हाती एक टोपली दिली, अळूच्या पानांत बांधून उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, शिजवलेलं मांस, वर नारळाचं दूध अजून गरम. "शेडच्या दारात ठेव. कोणी दिलं ते सांगू नकोस." जणू दुसरं कोणी त्याला जेवायला घालत होतं.

तेव्हापासून दर शनिवारी मावशी मशीन बंद करायची, बायका जमलेल्या असल्या तर खोक्यावर चापट मारून म्हणायची, "झोप." पलीकडे टक. दिवा जायचा. तिची थप्पड पुन्हा प्रसिद्ध झाली. स्क्रू तिनं पुन्हा गळ्यात घातला. कुठे लावायचा ते नंतर पुतणीनं दाखवलं होतं, पण ती म्हणाली, आता तिथे बरा दिसणार नाही.

लिसिआतेमामा गेल्या थंडीत गेला. बहीण म्हणून ती त्याच्या उशाशी बसली, गावातल्या सगळ्यात मोठ्या मानाच्या जागेवर. त्याला पुरलं शुक्रवारी. शनिवारी शेडमध्ये कोणी नव्हतं. मावशीनं मशीन बंद केलं, चापट मारली नाही, आणि घरी गेली.

रविवारी देवळात सेतालेकी प्रार्थना सांगत होता, आणि शेजारून आवाज येत होता, घूं घूं घूं. खिडकीच्या पडद्यावर निळा उजेड होता. सगळं गाव बसलं होतं. फेलेतीही होता, खिडकीपाशीच. त्यानं पडद्याला हात लावला नाही. कोणी मान वळवली नाही, पहिल्या बाकावरची ती म्हातारीही नाही. गावाला किती आधीपासून माहीत होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी जन्मभर या लोकांना मूर्ख म्हणत आले. त्यातले निम्मे आहेतच. पण त्या दिवशी एकही नव्हता.

पुढच्या शनिवारी ऊन उतरताना मी खोलीत होते. मावशीनं मशीन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पंखा फिरत होता. मग पलीकडे स्टूल सरकलं. कोणीतरी काहीतरी पाडलं. आणि टक.

"उशीर केलास," मावशी पत्र्याला म्हणाली. भाच्याशी बोलायला मधे कोणी लागत नाही.

"बापाच्या वस्तूंना हात लावायला धीर होत नव्हता, आत्या," पाद्री पलीकडून म्हणाला.

"मग सवय कर. सोमवारी सकाळी परत लावायचाय, लुपेचा नवरा बोलणार आहे. आणि सेतालेकी."

"काय, आत्या?"

"आता पाडलास ते उचल. तिथे सगळं जागच्या जागी असायचं."